आधी उत्तर वाचा, मग सर्व्हरला हात लावा

"सर, एरर येत होता."

एवढं एक वाक्य घेऊन तुम्ही माझ्यासमोर उभे राहता. कोणता एरर? कोणत्या सर्व्हरने दिला? किती वाजता? आकडा काय होता? यातलं काहीच तुम्हाला सांगता येत नाही. मोबाइल काढून स्क्रीनचा फोटो दाखवता, आणि ज्या ओळीत सगळं लिहिलेलं असतं नेमकी तीच ओळ फोटोत नसते. वर मलाच विचारता, "आता काय करायचं, सर?" वाचायचं. आधी वाचायचं.

गोरेगावात माझ्या हाताखाली शिकून गेलेल्या सगळ्यांना उद्देशून हे लिहितो आहे. तुमच्यातला कुणी पतसंस्थेचे संगणक सांभाळतो, कुणी राइस मिलवाल्यांची बिलं आणि मेल बघतो, कुणी शाळा-कॉलेजांच्या वेबसाइट करून देतो, कुणी नागपूर-पुण्याच्या मोठ्या कंपनीत सर्व्हरवर बसतो. मेल सर्व्हरचा पासवर्ड हाती आला म्हणजे काम आलं, असा तुमचा समज झाला आहे. तो आज मोडून काढायचा आहे. वाईट वाटलं तर वाटू द्या.

यंदाच्या जुलैचं प्रकरण तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. तालुक्यातल्या एका शिक्षणसंस्थेने प्रवेशाच्या दुसऱ्या यादीची सूचना मेलने पाठवली. काही मुलांना तो मेल तीन-तीनदा मिळाला. काहींना मिळालाच नाही, आणि कागदपत्रं दाखवायची तारीख निघून गेली. ऐन रोवणीचे दिवस. एक बाप बांधीतलं काम सोडून मुलीला घेऊन आला, तर खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, "मेल पाठवला होता, तुम्ही बघितला नाही." मुलीने मोबाइल उघडून दाखवला. मेल नव्हता. स्पॅममध्येही नव्हता.

ती यंत्रणा तुमच्यापैकीच एकाने उभी केली होती. त्याचं नाव घेत नाही. तो मला म्हणाला, "सर, आमच्याकडून गेला होता. पुढचं गुगलला विचारा." मी लॉग मागितला. लॉग होता. समोरच्या सर्व्हरने काय काय सांगितलं ते त्यात तारीखवार, वेळेसह लिहिलेलं होतं. फक्त तो लॉग त्या दिवसापर्यंत कुणी उघडला नव्हता. राग मला याचा आला. यंत्र बोलत होतं, आणि ऐकायला बसवलेला माणूस ऐकत नव्हता.

आता एकेक सबब घेऊ.

पहिली सबब, "इंग्रजीत काहीतरी लांबलचक येतं, कळत नाही." इंग्रजी बाजूला ठेवा. त्या ओळीच्या सुरुवातीला तीन अंक असतात, ते तरी वाचता येतात ना? मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे कसा द्यायचा याचा नियम, म्हणजे एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ या दस्तऐवजात लिहून दिला. २००१ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आरएफसी २८२१ आली आणि ऑक्टोबर २००८ मध्ये जॉन क्लेन्सिन यांनी संपादित केलेला आरएफसी ५३२१. हे दस्तऐवज कुणालाही फुकट वाचता येतात. तुमच्यातल्या किती जणांनी ते एकदा तरी उघडले आहेत?

आपल्याच गावावरून समजावतो. महाराष्ट्रात गोरेगाव एक नाही. मुंबईत आहे, रायगडात माणगावकडे आहे, हिंगोली जिल्ह्यात आहे आणि आपलं गोंदियाचं आहे. नुसतं 'गोरेगाव' लिहिलेलं पत्र कुठेही भरकटू शकतं. अशा घोटाळ्यांवर उपाय म्हणून टपाल खात्यातल्या श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी माणसाने पिन कोडची पद्धत बसवली आणि १५ ऑगस्ट १९७२ ला ती सुरू झाली. आपला पिन ४४१८०१. पहिल्या अंकावरून, म्हणजे ४ वरून, देशाचा विभाग कळतो, ४४ वरून विदर्भ कळतो, ४४१ वरून छाननीचा जिल्हा आणि शेवटच्या तीन अंकांवरून टपाल कार्यालय. सर्व्हरच्या उत्तराचे अंकही याच शिस्तीने, डावीकडून उजवीकडे वाचायचे असतात.

पहिला अंक २ असेल तर काम झालं. ३ असेल तर 'इथवर ठीक, पुढचं द्या'. ४ असेल तर 'आत्ता होत नाही, नंतर या'. ५ असेल तर 'नाही, आणि हेच जसंच्या तसं पुन्हा आणलं तरी नाही'. दुसरा अंक दुखणं कुठे आहे ते सांगतो. ० म्हणजे आज्ञा लिहिण्यात चूक, १ म्हणजे माहिती, २ म्हणजे जोडणी, ५ म्हणजे मेल यंत्रणा. तिसरा अंक आणखी बारकावा सांगतो. त्यानंतर बहुतेक सर्व्हर टिंबांनी तोडलेला आणखी एक आकडा देतात. त्याची पद्धत जानेवारी २००३ च्या आरएफसी ३४६३ मध्ये दिलेली आहे. ५.१.१ म्हणजे या नावाची पेटीच इथे नाही. ५.२.२ म्हणजे पेटी भरली आहे. ५.७ ने सुरू होणारा आकडा म्हणजे सुरक्षेचा किंवा धोरणाचा नकार. एवढं पाठ करायला तुम्हाला एक दुपार पुरेल. दहावीला तुम्ही याच्या दसपट सनावळ्या पाठ केल्या होत्या.

आणि हेही ध्यानात ठेवा. पाठवणाऱ्या सर्व्हरने निर्णय आकड्यावरून घ्यायचा, पुढच्या मजकुरावरून घ्यायचा नाही, हे आरएफसी ५३२१ ने स्पष्ट बजावलं आहे. मोजके अपवाद आहेत, तेही तिथेच नोंदवलेले आहेत. अनोळखी आकडा आला तर निदान पहिल्या अंकाप्रमाणे वागायचं. त्या पोराने काय केलं होतं? त्याचा प्रोग्रॅम उत्तरात 'ओके' ही अक्षरं सापडतात का ते शोधत होता. सापडली तर गेला, नाही सापडली तर बिघडला. नियम समोर असताना अंदाजावर काम चालवणं याला मी अज्ञान म्हणत नाही, हलगर्जीपणा म्हणतो.

दुसरी सबब, "सर, परत परत पाठवून पाहिलं." कोणाला परत पाठवलंस? लॉगमध्ये ५५० ५.१.१ आलेले पत्ते होते. कुणाच्या पत्त्यात 'जीमेल'चं स्पेलिंग उलटसुलट होतं, कुणाच्या नावातलं एक अक्षर गळलं होतं. त्या पत्त्यांवर याचा प्रोग्रॅम दर मिनिटाला धडका मारत होता. आणि ज्या मुलीचा पत्ता अक्षरन् अक्षर बरोबर होता तिच्या ओळीत ४२१ ४.७.० होतं. म्हणजे गुगलचा सर्व्हर सांगत होता की तुमच्याकडून एकदम फार मेल येत आहेत, जरा थांबून या. या शहाण्याने ते 'फेल' धरलं आणि तिचा पत्ता यादीतून काढून टाकला. जिथे थांबायचं तिथे थांबला नाही आणि जिथे परत जायचं तिथे गेला नाही. ४ आणि ५ या दोन अंकांतला फरक कळत नाही, म्हणून एका मुलीचं वर्ष टांगणीला लागलं.

नियम काय सांगतो ते ऐका. ४ आला तर मेल रांगेत ठेवायचा. पुन्हा प्रयत्न करण्याआधी साधारणपणे निदान ३० मिनिटं जाऊ द्यायची. चार-पाच दिवस तरी प्रयत्न सोडायचा नाही. तरीही गेला नाही तर पाठवणाऱ्याला तसं कळवायचं. ५ आला तर तिथेच थांबायचं, कारण वाचायचं, पत्ता किंवा मांडणी दुरुस्त करायची, मगच पुढचं पाऊल. काही सर्व्हर तर अनोळखी ठिकाणाहून पहिल्यांदा आलेल्या मेलला मुद्दाम ४५० किंवा ४५१ देऊन परत लावतात. नियम पाळणारा थोड्या वेळाने पुन्हा येतो, स्पॅम टाकणारा बहुधा येत नाही. ही ग्रेलिस्टिंगची पद्धत २०१२ च्या आरएफसी ६६४७ मध्ये नीट लिहिली आहे. म्हणजे पहिल्याच नकाराला हात झटकणारा तुमचा प्रोग्रॅम समोरच्याच्या नजरेत स्पॅमवाल्यांच्या रांगेत जाऊन बसतो.

"इकडे लाइट जाते, नेट जातं," हे तर सांगूच नका. पावसाळ्यात गोंदिया-कोहमारा रस्त्यावर झाड पडलं की लाइट जाते, हे मलाही दिसतं. पण १९८२ मधली जोडणी तुमच्या आजच्या फायबरपेक्षा कितीतरी हळू आणि बेभरवशाची होती. ती तुटणारच, हे धरूनच हा नियम लिहिला गेला. म्हणून तर त्यात रांग आहे, म्हणून तर त्यात पुन्हा प्रयत्न आहे. रांग चालू ठेवली असती तर लाइट आल्यावर मेल आपोआप गेले असते.

तिसरी सबब, "तीन-तीनदा का गेला ते कळलं नाही." कळून घेतलं नाही, असं म्हण. मेल देताना काय होतं ते एकदा ओळीने बघू. जोडणी झाली की समोरचा २२० म्हणतो. आपण एहलो म्हणून आपलं नाव सांगतो. तो २५० म्हणतो. आपण पाठवणारा कोण ते सांगतो, मग कुणाला द्यायचा ते सांगतो, दोन्हींना २५० येतं. आपण डेटा म्हणतो, तो ३५४ म्हणतो, म्हणजे 'मजकूर द्या'. आपण मजकूर देतो आणि शेवटी एका ओळीत फक्त एक टिंब देतो. त्या टिंबानंतर समोरचा सर्व्हर मेल तपासतो, डिस्कवर लिहितो आणि मग २५० देतो. या शेवटच्या उत्तरासाठी किती थांबायचं? आरएफसी ५३२१ सांगतो, दहा मिनिटं. तुझ्या प्रोग्रॅममध्ये किती लिहिलं होतं? तीस सेकंद. समोरच्याने मेल घेतला, पण उत्तर यायला चाळीस सेकंद लागले. तोवर तू जोडणी तोडून मोकळा झाला होतास. त्याच्या हिशेबी मेल मिळाला, तुझ्या हिशेबी गेला नाही, म्हणून तू पुन्हा पाठवलास. पुन्हा तेच. झाले तीन मेल. हा घोटाळा नवा नाही. क्रेग पार्ट्रिज यांनी फेब्रुवारी १९८८ मध्ये आरएफसी १०४७ मध्ये नेमका हाच लिहून ठेवला आहे. तेव्हा तुमचा जन्मही झाला नव्हता. ज्या खड्ड्यावर तेव्हापासून पाटी लावलेली आहे त्यात तुम्ही पाटी न वाचता पडता, याचं मला दुःख होतं.

आता "आमच्याकडून गेला होता" या वाक्याकडे येतो, कारण सगळ्यात जास्त चीड मला त्याचीच आहे. टिंबानंतर २५० देणारा सर्व्हर त्या मेलची जबाबदारी अंगावर घेतो. आरएफसी ५३२१ चं म्हणणं असं की ही जबाबदारी गंभीरपणे घ्यायची. मशीन पुढे बंद पडणार होतं किंवा जागा कमी होती, असल्या क्षुल्लक कारणांनी मेल हरवायचा नाही. एकतर पोहोचवायचा, नाहीतर पाठवणाऱ्याला नापोच कळवायची. आणि २५० येईपर्यंत जबाबदारी पाठवणाऱ्याची असते. त्या मुलीच्या मेलला २५० आलंच नव्हतं. म्हणजे तो मेल तुझ्याच दारात पडून होता, तू तो पाहिला नाहीस, आणि तिच्या बापाला तुम्ही लोकांनी तोंडावर सांगितलंत की पाठवला होता. हे खोटं बोलणं झालं. जाणूनबुजून नसेल, पण खोटंच.

सरकारी कायद्यालाही हा फरक समजतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम १३ नुसार, दोघांत वेगळं काही ठरलेलं नसेल, तर इलेक्ट्रॉनिक संदेश पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या संगणक यंत्रणेत शिरला तेव्हाच तो रवाना झाला असं धरतात. तुमच्या रांगेत पडून राहिलेला मेल तुमच्याच ताब्यात असतो. उद्या धानाच्या खरेदीची मुदत, निविदेची मुदत, अपिलाची मुदत यावरून भांडण झालं, तर 'पाठवला होता' या शब्दाला काडीची किंमत नाही. लॉगमधली २५० ची ओळ आणि तिच्यासमोरची वेळ बोलेल. शिवाय सर्ट-इन या सरकारी यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्या, सेवा पुरवणारे आणि सरकारी कार्यालयं यांना लॉग १८० दिवस सुरक्षित जपायला आणि घड्याळं सरकारी वेळेशी जुळवून ठेवायला सांगितलं. तुमच्यातल्या काही जणांचा लॉग आठवड्यात पुसला जातो, आणि एकाच्या सर्व्हरचं घड्याळ कितीतरी मिनिटं मागे होतं. डिस्कवर जागा नाही म्हणता. लग्नाचे व्हिडिओ त्याच सर्व्हरवर ठेवायला जागा आहे.

चौथी सबब, "चालतं ना, सर! मग कशाला एवढं बारकाईने?" चालतं, कारण समोरचे सर्व्हर आजवर तुमच्या चुका पदरात घालत आले. पाठवताना काटेकोर असा, घेताना सैल हाताने घ्या, अशी शिकवण पोस्टेल यांनीच दिली होती. तुम्ही तिचा पहिला अर्धा भाग सोडून दिला आणि दुसऱ्या अर्ध्यावर जगत राहिलात. आता त्या सैलपणाचे दिवस संपत आले आहेत. का, ते सांगतो.

डिसेंबर २०२३ मध्ये सेक कन्सल्ट या संस्थेच्या टिमो लॉन्गिन यांनी 'एसएमटीपी स्मगलिंग' नावाचा दोष जगासमोर मांडला. मुळाशी काय होतं? ओळ कुठे संपते हा प्रश्न. नियमाप्रमाणे प्रत्येक ओळ सीआर आणि एलएफ या दोन चिन्हांच्या जोडीने संपली पाहिजे, आणि मजकूर संपवणाऱ्या टिंबाच्या दोन्ही बाजूंना हीच जोडी हवी. काही सर्व्हर मात्र नुसत्या एलएफवरही ओळ संपली असं धरत होते. पाठवणारा सर्व्हर ज्याला मजकुराचा भाग समजतो, घेणारा त्यालाच मजकुराचा शेवट समजला, तर त्यापुढे दडवलेला दुसराच मेल खऱ्या माणसाच्या नावाने आत घुसवता येतो. पोस्टफिक्स, एक्झिम, सेंडमेल यांना त्यासाठी दुरुस्त्या काढाव्या लागल्या. एका चिन्हाचा सैलपणा, आणि जगभरच्या सर्व्हरांना भोक. आणि तुम्ही आजही हाताने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये ओळ नुसत्या एलएफने संपवता. सक्त सर्व्हरने तुम्हाला ५ ने सुरू होणारं उत्तर दिलं की गळा काढता, "कालपर्यंत तर चालत होतं!" काल चालत होतं ती समोरच्याची मेहेरबानी होती.

उत्तर वाचण्याचंही तेच. सर्व्हरचं उत्तर अनेक ओळींचं असू शकतं. मधल्या ओळींत आकड्याला लागून आडवी रेघ असते आणि शेवटच्या ओळीत रेघेच्या जागी मोकळी जागा. '२५०-' दिसलं तर अजून ओळी यायच्या आहेत, '२५० ' दिसलं तर उत्तर संपलं. त्या पोराचा प्रोग्रॅम पहिली ओळ वाचून पुढची आज्ञा देत होता. मग पुढच्या आज्ञेचं उत्तर म्हणून तो मागच्याच उत्तराची दुसरी ओळ वाचायचा. सगळा हिशेब एकाने सरकलेला. त्यामुळे नकार आलेल्या काही मेलांपुढे याच्या पडद्यावर हिरवी खूण उमटली होती. एका रेघेकडे कानाडोळा केला, त्याचं हे फळ.

मराठी मजकूर पाठवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाटीवर लिहून घ्यावी. मेलमधली एक ओळ शेवटच्या सीआर-एलएफ जोडीसह १००० बाइटांपेक्षा लांब चालत नाही. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, म्हणजे जेमतेम ३३२ चिन्हांत मर्यादा संपली. काना, मात्रा, अनुस्वार ही सगळी त्यात मोजली जातात. तुम्ही आख्खी सूचना न तोडता एकाच ओळीत ओतता. मग वाटेतला एखादा सर्व्हर ती चिन्हाच्या मधोमध तोडतो, आणि 'कागदपत्रे'च्या जागी चौकोन दिसतात. बेस-६४ किंवा कोटेड-प्रिंटेबल करून पाठवलं की हा प्रश्न उरत नाही. तयार लायब्ररी हे काम आपणहून करते. तीच वापरा. स्वतः सॉकेट उघडून मेल पाठवण्याची हौस असेल तर आधी नियम शेवटच्या पानापर्यंत वाचा.

पाचवी सबब, "गुगलवाले त्रास देतात." अरे, नाचता येईना, अंगण वाकडं! ऑक्टोबर २०२३ मध्ये गुगल आणि याहू यांनी आपल्या अटी आधी जाहीर केल्या, मग फेब्रुवारी २०२४ पासून त्यांचा अंमल सुरू केला. मेल खरंच त्या डोमेनचा आहे हे पटवणारं एसपीएफ किंवा डीकेआयएम प्रत्येकाकडे हवं. जीमेलला दिवसाला ५००० किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्याकडे दोन्ही हवीत, शिवाय डीएमएआरसी. आयपी पत्त्यावरून नाव आणि नावावरून पुन्हा तोच आयपी पत्ता मिळाला पाहिजे. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली राहिल्या पाहिजेत. मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनेही आउटलुकसाठी मोठ्या पाठवणाऱ्यांवर अशाच अटी घातल्या. यात त्रास कसला? तुमच्या डोमेनच्या नावाने कुणी ऐरागैरा मेल पाठवू नये, हे तुमच्याच भल्याचं आहे.

आणि तुम्ही काय केलंत? त्या संस्थेच्या डोमेनवर एसपीएफची दोन वेगवेगळी रेकॉर्ड होती. एक जुन्या कंपनीने लावलेलं, एक याने. एप्रिल २०१४ च्या आरएफसी ७२०८ प्रमाणे एसपीएफ एकच असावं लागतं. दोन असतील तर तपासणीचा निकाल कायमची चूक असा लागतो. दुसऱ्या एका डोमेनवर एवढी नावं कोंबली होती की ती तपासायला दहाहून जास्त डीएनएस शोध लागत होते, आणि मर्यादा दहाची आहे. तिसऱ्याने तर 'ऑल'च्या आधी अधिकचिन्ह लावलं होतं, म्हणजे जगातल्या कुठल्याही मशीनला आपल्या नावाने मेल पाठवायची लेखी परवानगी. विचारलं तर म्हणाला, "असं केल्यावर एरर जातो." एरर जातो म्हणून कुलूप काढून टाकायचं का? एसपीएफ म्हणजे काय हे वाचायला अर्धा तास लागतो. कुठूनतरी उचलून चिकटवायला अर्धं मिनिट लागतं, आणि तुम्ही नेहमी अर्ध्या मिनिटाची वाट धरता.

आता दुसऱ्याची उत्तरं वाचण्याचं सोडा. तुमचे स्वतःचे सर्व्हर जगाला काय उत्तरं देतात ते बघा. एकाने 'नको त्या तक्रारी नकोत' म्हणून अस्तित्वात नसलेल्या पत्त्यांनाही २५० द्यायचं आणि मेल गुपचूप फेकून द्यायचा अशी सोय केली आहे. पाठवणाऱ्याला वाटतं पोहोचला. बिचारा महिनाभर उत्तराची वाट बघतो. पेटी नसेल तर दारातच ५५० द्या, लगेच द्या. आधी घेऊन मागाहून नापोच पाठवत बसलात, तर खोट्या पत्त्याने आलेल्या स्पॅमची नापोच भलत्याच निरपराध माणसाच्या पेटीत जाऊन आदळते. एकाने पाठवणाऱ्याच्या जागी रिकामा पत्ता असलेले सगळे मेल अडवले आहेत. अरे, नापोच रिकाम्या पत्त्यानेच येते, दोन सर्व्हरांनी एकमेकांना नापोचा पाठवत बसू नये म्हणून. ती अडवून तू स्वतःचेच कान बंद केलेस. एक सर्व्हर एहलोमध्ये स्वतःचं नाव 'लोकलहोस्ट' सांगतो. आणि 'पोस्टमास्टर' ही पेटी ठेवणं सक्तीचं आहे, तिथे माणसाने मेल वाचणं अपेक्षित आहे, हे तुमच्यातल्या जवळजवळ कुणालाच माहीत नाही. ज्याला तुमची चूक तुम्हाला सांगायची आहे त्याने कुठे लिहायचं?

शेवटचं, आणि हे मनापासून बोलतो. 'डॉट भारत' हे देवनागरी डोमेन ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालं. पत्त्याचं डावं-उजवं दोन्ही अंग देवनागरीत लिहून मेल पाठवायचा नियम त्याही आधी, फेब्रुवारी २०१२ मध्ये, आरएफसी ६५३१ ने दिला. सर्व्हरने एहलोच्या उत्तरात 'एसएमटीपीयूटीएफ८' ही ओळ दिली पाहिजे, म्हणजे पाठवणाऱ्याला कळतं की इथे असा पत्ता चालतो. पोस्टफिक्समध्ये ही सोय आवृत्ती ३.० पासून आहे. तरीही मराठी मुलखात, मराठी पोरांनी चालवलेले सर्व्हर मराठी पत्त्याला ५ ने सुरू होणारं उत्तर देऊन परत लावतात. तुमच्या प्रवेश अर्जाच्या रकान्यात देवनागरी पत्ता टाकला की 'अवैध ई-मेल' असं लाल अक्षरात येतं. तो पत्ता वैध आहे. कमी आहे ती तुमच्या तपासणीत. पोवारी आणि झाडीबोलीत वाढलेल्या मुलाला स्वतःचं नाव स्वतःच्या लिपीत पत्त्यात लिहायचं असेल, तर त्याला दारातून हाकलणारे आपणच असावं का? निदान या एका बाबतीत तरी गोंदिया जिल्ह्याने पुढे असायला हवं होतं.

तुम्ही हुशार आहात, म्हणून बोलतो. ज्याच्याकडून काही होणार नाही त्याच्यावर मी शब्द खर्च करत नाही. तुम्ही आपल्या गावातून, मराठी शाळेतून येऊन हे काम शिकलात याचा मला अभिमान आहे. पण शिकला त्याने वाचलं पाहिजे. मेल सर्व्हर सांभाळणारा माणूस दुसऱ्याची पत्रं हाताळतो. त्यात कुणाची नोकरी असते, कुणाचा प्रवेश, कुणाचं पीककर्ज. त्याला कंटाळा करायचा अधिकार नाही.

आता काम. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता प्रत्येकाने आपापल्या सर्व्हरच्या लॉगमधून ४ आणि ५ ने सुरू होणाऱ्या शेवटच्या पंचवीस ओळी वहीत उतरवून आणायच्या. प्रत्येकीपुढे स्वतःच्या हाताने, मराठीत तीन गोष्टी लिहायच्या. आकड्याचा अर्थ काय, चूक कुणाची, आणि तुम्ही काय केलं. सोबत पोस्टमास्टर पेटीत सध्या किती न वाचलेले मेल पडले आहेत तो आकडा. ज्याने त्या मुलीला वर्गात जाण्याआधीच अडवलं, त्याने सोमवारी तिच्या घरी जायचं, तिच्या बापाला चूक कोणाची होती ते समोर बसून सांगायचं, आणि लॉगची ती ओळ छापून, सही करून संस्थेला द्यायची, म्हणजे तिचा प्रवेश पुन्हा विचारात घेता येईल. वही न आणणाऱ्याने यायचं नाही.